लाल रेघेची गिटार

पप्पा, तुमची बेस गिटार आज मी पलंगावर आडवी ठेवली आहे. तिच्या शेजारी दुसरी एक आहे, जवळजवळ वीतभर आखूड आणि उचलायला कितीतरी हलकी. दुपारचे साडेतीन झालेत. हे बाहेरच्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन झोपलेत, आणि मी दोन्हींच्या मध्ये उरलेल्या जागेत बसून तुम्हाला लिहिते आहे. शाळेत सिस्टरांनी आमच्याकडून इंग्रजीत इतकी पत्रं लिहून घेतली, रजेची, आभाराची, क्षमेची, की मराठीत घरच्या माणसाला पत्र लिहायचं राहूनच गेलं. तुम्ही होतात तेव्हा लिहायची वेळ आली नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून माझं सासर गावातच, एका बसच्या अंतरावर. जे सांगायचं ते रविवारी येऊन सांगता येईल असं वाटायचं, आणि रविवारी मग चहाच व्हायचा.

तुमची गिटार घरात आली तो दिवस मला आठवतो. मुंबईच्या कुठल्याशा वादकाकडून तुम्ही ती जुनी विकत आणली होती. चादरीत गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. आईने चादर सोडली आणि तारा मोजल्या. "चारच? बाकीच्या दोन कुठे पाडून आलात?" तुम्ही हसलात. म्हणालात, "ही गाणं नाय म्हणत. ही गाण्याचं जोतं. घर सगळे बघतात, जोतं कोण बघतं? पण ते नसलं का घर बसतं." विंचूरकडचं तुमचं बोलणं कामावर आणि माझ्या शाळेतल्या बाईंसमोर तुम्ही झाकायचात, पण गिटार हातात आली की ते बाहेर यायचं. आई म्हणाली, "जोतं आहे तर मग कोपऱ्यातच ठेवा," आणि ती पुढे कायम कपाटाशेजारच्या कोपऱ्यात उभी राहिली.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. घरच्यांना प्लँट बघायला न्यायचा तो दिवस. टर्बाइनच्या हॉलमध्ये आवाज कानात यायच्या आधी तळपायांतून यायचा. तुम्ही खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढलात, त्याचं टोक यंत्राच्या बेअरिंगवर टेकवलंत आणि मूठ माझ्या कानाला लावलीत. एवढ्या गदारोळात मला एकच एक गोल, सलग घुमणारा सूर ऐकू आला. "हा चांगला आवाज," तुम्ही ओरडून म्हणालात. "यात कधी खर्र आली का समजायचं, काहीतरी झिजतंय." मग मी बाजूच्या मोठ्या नटावर बोट ठेवायला गेले. त्या नटावरून खालच्या लोखंडावर एक लाल रंगाची रेघ ओढलेली होती, कुंकवाच्या बोटासारखी सरळ. तुम्ही माझा हात धरलात. "हात नको. लाल रेघ आहे ना." तेवढंच. मी पुढे हॉलभर बघत गेले, किती नटांवर ती रेघ होती, आणि प्रत्येकापासून दोन पावलं लांब चालले.

घरी आल्यावर मला दिसलं की तुमच्या गिटारलाही ती आहे. खाली ब्रिजवर, जिथे तारा टेकतात, तिथल्या प्रत्येक बारीक स्क्रूवर लाल रेघ. तुम्ही प्लँटमधल्याच रंगाने मारलेली. मी काही विचारलं नाही. मला कळलं होतं.

तुम्ही मला शिकवलंत ते शिफ्टमुळे. कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात बेसला तुम्ही एकटेच, आणि तुमची सेकंड शिफ्ट आली की प्रॅक्टिसला जोतं नसायचं. पंधराव्या वर्षी मला बसवलंत. आधी अॅम्प्लिफायरची वायर न लावता. गिटारच्या अंगाचं जे वरचं टोक शिंगासारखं वळतं, त्या शिंगावर माझी हनुवटी टेकवायला लावलीत आणि एक तार छेडलीत. सूर हाडांतून डोक्यात शिरला. "आधी असं ऐकायचं. मशीन बोलायच्या आधी लाकूड बोलतं." माझी बोटं आखूड, तार उंच. पट्टीवर दाबताना अंगठ्याच्या बुडात कळ यायची. मी म्हटलं, दुखतंय. तुम्ही म्हणालात, "होईल सवय." सवय झाली. म्हणजे कळ गेली नाही, ती बेस वाजवण्याचाच एक भाग आहे असं वाटायला लागलं.

आणि मग तो गणपतीतला कार्यक्रम. तुम्ही शिफ्ट बदलून घेतली होतीत, मला समोर बसून ऐकायला. पुढच्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर हात. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी थोडी मोकळी जागा होती. तिथे मी खालून वर चढत जाणारे आठ सूर वाजवले. बेसला कोणी वाजवत नाही असे, गाण्यासारखे. काँगोच्या ढोलांवर बसलेले काका, प्लँटमधले तुमचे जोडीदार, मान वळवून माझ्याकडे बघून हसले. मांडवातली दोन-चार डोकी वर झाली. तुमचे हात मांडीवरच राहिले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून दुपारी आलात. आई भाकऱ्या थापत होती, मी पाट मांडला. तुम्ही जेवायला बसलात, दोन घास खाल्लेत आणि म्हणालात, "काल ते काय होतं?"

"कुठलं?"

"दुसऱ्या कडव्याआधी. लय शहाणी झाली?"

आईचा हात परातीत थांबला.

"बेस ऐकू आला का समजायचं, चुकला. लोकं गाणं ऐकायला येतात. तुला बघायला नाय."

"चुकून झालं, पप्पा," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत. मग तुमचा चेहरा सैल झाला. "चुकून झालं असंल तर ठीक," म्हणालात, आणि ताटातला गुळाचा खडा उचलून माझ्या हातावर ठेवलात. आई पुन्हा भाकरी थापायला लागली. ते आठ सूर मी परत कधी वाजवले नाहीत. गेल्या महिन्यापर्यंत.

माझ्या लग्नात सासरी जाणाऱ्या सामानात तुम्ही गिटार ठेवलीत, पितळी भांड्यांच्या खोक्यांशेजारी. सासूबाईंनी विचारलं, "हे काय?" आणि तुम्ही गंभीरपणे सांगितलंत, "तिचं वाद्य आहे." मी गिटारची केस उघडली तर ब्रिजवरच्या रेघा ताज्या होत्या, तुम्ही नव्याने मारलेल्या. आणि केसच्या खिशात पिवळ्या मुठीचा एक छोटा स्क्रूड्रायव्हर. मला वाटलं, नव्या संसाराला लागेल म्हणून दिलात. लागलाही. त्याने मी चष्म्याच्या काड्या घट्ट केल्या, शिलाई मशीन उघडली, मिक्सरचं झाकण बसवलं, आणि शेवटच्या वर्षांत आईच्या वॉकरचे पाय वरखाली केले. गिटारला मात्र कधी लावला नाही. तारा बदलल्या, फडक्याने लाकूड पुसलं, पण त्या रेघांना कधी हात लागू दिला नाही. एकदा वायर बदलणारा माणूस पकड घेऊन तिथे वाकला तर मी त्याच्यावर इतकी ओरडले की हे आतून धावत आले.

तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. आई दीड वर्षापूर्वी गेली. तिची शेवटची सात वर्षं ती माझ्याकडे होती, त्यातली चार पलंगावर. तिला उचलायचं, वळवायचं, बसवायचं. माझा डावा खांदा तिथेच गेला असावा. पण मी ऑफिसला जात होते तोवर आणि निवृत्त झाल्यावरही रविवारी सकाळी जेलरोडला काकांकडे वाजवायला जायचं सोडलं नाही. तेच, तुमचे काँगोवाले. आता ते पंच्याऐंशीचे होतील. ऑर्केस्ट्रातले आम्ही पाचजण उरलोय. कुणाची पंचाहत्तरी, कुणाच्या लग्नाची पन्नास वर्षं, कधी वृद्धाश्रम, असं जुनं जुनं वाजवतो. वृद्धाश्रमात एका बाईंनी विचारलं, "तुम्ही इथलेच का?" आम्ही खूप हसलो, पण परत येताना रिक्षात प्रत्येकजण बाहेरच बघत होता.

पावसाळ्यानंतर खांदा वर जाईना. डॉक्टरांनी फोटो काढला, मग हाताचाही काढला. म्हणाले, "अंगठ्याचा सांधा झिजलाय. खांद्यावर वजन घ्यायचं बंद. हाताने असं करता तरी काय तुम्ही?"

"बेस गिटार वाजवते."

त्यांनी फोटो खाली ठेवला. "या वयात?"

"या वयात नाही डॉक्टर, पंधराव्या वर्षापासून."

घरी येताना रिक्षात मी ठरवून टाकलं की काकांची पंच्याऐंशी वाजवायची आणि थांबायचं. वाईट वाटलं नाही, पप्पा. खरं सांगते, बरं वाटलं. खूप दिवस उभं राहिलेल्याला कुणी स्टूल दिलं तर वाटेल तसं. हेच म्हणाले, "थांबायच्या आधी एकदा दुकानात तरी विचार. म्हाताऱ्या माणसांच्या सायकली असतात, तशा गिटारी नसतील?"

कॉलेज रोडच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दुकान आहे. मालक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, स्वतः दुरुस्तीही करतात. तुमची गिटार मी केसमधून काढली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, ते मला आवडलं. मांडीवर घेऊन त्यांनी पहिली तार दाबली, आणि चष्मा डोळ्यांवर आणला.

"ताई, ही तार आहे का कपडे वाळत घालायची दोरी? एवढी उंच कुणी ठेवली?"

"वडिलांनी."

"त्यांचा हात दणकट असणार. जोरात छेडणाऱ्याला तार उंच लागते, नाहीतर खडखडते. तुमचा हात तसा दिसत नाही. यावर तुम्ही किती वर्षं वाजवलंत?"

मी आकडा सांगितला नाही. तार खाली घ्यायला ते बारीक हत्यार घेऊन ब्रिजवरच्या स्क्रूंवर वाकले, आणि मी त्यांचं मनगट धरलं. अनोळखी माणसाचं. "तिथे हात लावायचा नाही. लाल रेघ आहे."

त्यांनी रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हत्यार खाली ठेवलं. "बरं. मग नवीन बघू. कसा आवाज हवाय तुम्हाला?"

"ऐकू येणार नाही असा," मी म्हटलं.

ते हसले. "मग घेताय कशाला, ताई?"

मी हसले नाही, कारण मी थट्टा केली नव्हती. मला खरंच दुसरं उत्तर येत नव्हतं. त्यांनी तीन-चार गिटारी काढल्या. मी त्यातली तुमच्या गिटारसारखी दिसणारी उचलली, तशीच कॉफीच्या रंगाची, कडेला काळी होत गेलेली. तेवढीच लांब, तेवढीच जड. दहा मिनिटांत अंगठा ठणकायला लागला. मी म्हटलं, "ही घेते."

"दुखतंय ना?"

"दुखतंच. बेस आहे."

"मी विकत नाही तुम्हाला ही," ते म्हणाले, आणि खरंच माझ्या हातातून काढून घेतली. "आठ दिवसांनी या. घरी बसून एवढंच बघून या की तुम्ही वाजवता कशा. बसून का उभ्याने, बोटांनी का प्लास्टिकच्या पिकने, जास्त वेळ कुठल्या तारेवर असता. आणि तुम्हाला काय ऐकायला आवडतं. वडिलांना काय आवडायचं ते आलं लक्षात. वाजवणार ते नाहीत."

मला राग आला, पप्पा. जिना उतरताना मी यांना म्हटलं, दुकानदार आगाऊ आहे. पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. शाळेत आम्हाला निबंध असायचा, माझ्या आवडीनिवडी, आणि मला त्यात नेहमी चांगला शेरा मिळायचा, कारण मैत्रिणींच्या आवडी मी फार छान लिहायचे. वहीत मी "बसून" लिहिलं. "बोटांनी" लिहिलं. पुढे "मला आवडतं" एवढं लिहिलं आणि कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी तिथेच होते. आईचा पथ्याचा मऊ वरण-भात मी सात वर्षं तिच्याबरोबर खाल्ला, आणि ती गेल्यावरही महिनाभर तोच लावत राहिले. एक दिवस हे ताटाकडे बघून हळूच म्हणाले, "आता थोडं तिखट चालेल." तेव्हाही मला असंच झालं होतं. तिखट मला आवडतं की नाही हे आठवेचना. माणूस दमतो ना, तो फक्त हातापायांनी दमत नाही, त्याची आवडही दमते आणि कुठेतरी बसून राहते.

रविवारी मी काकांकडे गेले ती थांबते आहे हे सांगायला. ते खुर्चीत, काँगो गुडघ्यांत, वर टॉवेल टाकलेला. बाकीचे यायचे होते. मी आधी दुकानदाराचा आगाऊपणा सांगितला, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. लाल रेघेपाशी मी त्याचा हात कसा धरला तेही सांगितलं.

"का धरलास?" काका म्हणाले.

"का म्हणजे? लाल रेघ. तिला हात लावायचा नाही."

"कोण म्हणालं?"

"पप्पाच. हॉलमध्ये. मी लहान होते."

काका हसायला लागले. हसता हसता खोकला आला, सूनबाई पाणी घेऊन आल्या, तरी हसतच होते. "अगं ए पोरी, चालू मशीन होतं, नऊ वर्षांची तू, बोट घालायला निघालेली. तुला काय सांगणार तो? लाल रेघ म्हणजे हात लावू नको असं नसतं गं. नट नीट बसवला का वरून खालपर्यंत एक रेघ मारायची. उद्या नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. एवढंच. हललं तर कळावं म्हणून. दर ओव्हरहॉलिंगला आम्ही नट खोलायचो, जुनी रेघ पुसायचो, नव्याने बसवायचो, नवी रेघ मारायचो. किती पुसल्या असतील मी न् तुझ्या बापाने!"

मी म्हटलं, "पण गिटारवर..."

"गिटारवरही तेच. त्याच्या हाताला बसेल तशी तार लावली आणि खूण केली. तुझ्या हाताला बसेल तशी तू लावायची होतीस आणि तुझी खूण करायची."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नाही कसं? लग्नात स्क्रूड्रायव्हर दिला ना त्याने? मीच बरोबर होतो घ्यायला, शालिमारच्या बाजारात. चार दुकानं हिंडवलं त्या टिचभर वस्तूसाठी, गिटारच्या स्क्रूला बसणारा पाहिजे म्हणून. तो कशाला दिला असेल तुला? पोहे ढवळायला?"

मग बाकीचे आले, काकांनी टॉवेल काढला आणि आम्ही वाजवायला लागलो. थांबते हे सांगायचं राहून गेलं. वाजवताना माझं लक्ष खाली ब्रिजकडेच होतं. रेघा फिकट झाल्यात, पण एकही तुटलेली नाही. इतक्या वर्षांत तुमचं काही हललं नव्हतं, पप्पा, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता.

दुसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा यांनाही नेलं. मालकांना म्हटलं, बसून वाजवते, बोटांनी, बहुतेक जाड दोन तारांवर, संथ जुनी गाणी, आणि पुढचं मला येत नाही. ते म्हणाले, "एवढं पुष्कळ आहे. आता रंग बघायचा नाही." त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं आणि एकेक गिटार मागून हातात देत गेले. मी वायर लावू दिली नाही. प्रत्येकीच्या शिंगावर हनुवटी टेकवली आणि तार छेडली. ते म्हणाले, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "वडिलांनी." या वेळी त्यांनी पुढची गिटार हातात दिली.

पहिली पत्र्यासारखी वाजली, चकचकीत, दातांना लागणारी. दुसरीचे खालचे सूर चिखलात पाय रुतल्यासारखे. तिसरी चांगली होती, कुणालाही आवडेल अशी, आणि मी ती बराच वेळ मांडीवर ठेवली, कारण ती तुम्हालाही आवडली असती. चौथी हातात आली तेव्हा मला वाटलं काहीतरी अपुरं दिलंय. आखूड पट्टी, बोटं न ताणता पुढच्या सुरावर पोचत होती. तारा गुळगुळीत, बोट सरकलं तरी खरखर नाही. मांडीत ती अशी बसली की खांद्याला कळलंच नाही. हनुवटी टेकवली तर आतून मऊ, जरासा नाकात बोलणारा, मध्येच भरून येणारा आवाज. जोत्याचा नव्हे. माजघरात कुणीतरी काम करता करता गुणगुणावं तसा. मी एक संथ गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याच्या आधी ती मोकळी जागा आली, आणि पप्पा, माझी बोटं आपली आपण खालून वर चढत गेली. आठच्या आठ. अंगठा दुखला नाही.

मी थांबले. मग हे म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. पण त्या घरच्या गिटारशी तू भांडतेस. हिच्याशी बोलत होतीस."

मालक म्हणाले, "सापडला की आवाज."

"कसा?"

"ऐकू येणारा."

मी वळून बघितलं तेव्हा कळलं की ती फिकट हिरवी आहे, जुन्या फ्रिजसारखी. मी स्वतः निवडला असता तर हा रंग कधीच घेतला नसता. घेतली. तारा किती उंच ठेवायच्या हे त्यांनी मला विचारत विचारत लावलं, पण शेवटचा स्क्रू मी पर्समधून तुमचा पिवळा स्क्रूड्रायव्हर काढून स्वतः फिरवला. तो तिथे अगदी बरोबर बसला. घरी आल्यावर रेघ मारायला रंग नव्हता. नात सुट्टीत विसरून गेलेली नेलपॉलिशची बाटली होती, जांभळी. आता माझ्या स्क्रूंवर जांभळ्या रेघा आहेत. थोड्या वाकड्या आल्यात, हात पूर्वीसारखा स्थिर नाही.

तुमच्या गिटारवरच्या रेघांचं काय करायचं, यासाठी आज दुपारी ती बाहेर काढली. कापूस आणि रॉकेल घेऊन बसले. स्क्रूड्रायव्हर खाचेत घातलाही. मग काढला. ती उंची तुमच्या हाताची आहे. हातच राहिले नाहीत, पण ते केवढ्या जोराने छेडायचे हे त्या रेघेवरून अजून कळतं, आणि दुसऱ्या कशावरून आता कळणार नाही. फोटोत तर तुम्ही नेहमी हात मागे बांधलेले. तारा थोड्या सैल केल्या, लाकूड पुसलं. तिला आता काही वाजवायचं नाही, मलाही तिच्याशी भांडायचं नाही. हे पत्र तिच्या केसच्या खिशात ठेवीन, स्क्रूड्रायव्हरच्या रिकाम्या जागी. स्क्रूड्रायव्हर मी माझ्याकडे ठेवते.

उद्या काकांची पंच्याऐंशी. कॉलनीतली जी काही माणसं उरलीत ती येतील. ते गाणं यादीत आहे, काकांनीच घातलं, मुद्दाम असणार. पुढच्या रांगेत तुम्ही नसाल. बाकी सगळं सांगून झालं, एकच राहिलं, आणि ते सांगायला मला एवढी पानं लागली. तुम्ही त्या दिवशी गूळ दिलात तो मी खाल्ला, पण त्यावर माझा हक्क नव्हता. ते सूर चुकून नव्हते झाले, पप्पा. आठ दिवस मी ते न्हाणीघरात दार लावून बसवत होते, तुम्ही ऐकावेत म्हणून.